राजवाड्यांतील मृगसंग्रह : एक चिकित्सा

१. इतिहाससंशोधकाच्या हातीं एखादा जुना कागद आला म्हणजे तो प्रथम मजकुराकडे धांवत नाहीं. कागद कोणाच्या दप्तरांतला, मिती आहे कीं नाहीं, शिक्का कोणाचा, अक्षर कोणत्या वळणाचें, अस्सल आहे कीं नक्कल, हे प्रश्न तो आधीं विचारतो. या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून मजकूर कितीहि रसाळ असला तरी त्यावर तो भिस्त ठेवीत नाहीं. ही शिस्त आमच्या पूर्वसूरींनीं मोठ्या कष्टानें आपल्या अंगीं बाणविली आणि तिच्या जोरावर बखरींतील अनेक गोड गोष्टी आम्हांस सोडून द्याव्या लागल्या. प्रस्तुत टिपणांत तीच शिस्त एका निराळ्या जातीच्या पुराव्यास लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. हा पुरावा म्हणजे जुन्या राजवाड्यांत पेंढा भरून उभे केलेले वाघ, बिबळे, अस्वलें व हरणें आणि त्यांच्या शेजारीं मांडलेलीं शिंगें, कातडीं व सांगाडे.

२. हा विषय भंडारा जिल्ह्याच्या वाचकांपुढें कां मांडावा, अशी शंका कोणी घेईल. आमच्या जिल्ह्यांतील जुन्या वास्तूंचा बाज किल्ल्यांचा आहे. अंबागड देवगडच्या गोंड राजाच्या अमदानींत उभा राहिला व पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा बंदिखाना केला. सानगडी, पवनी व खुद्द भंडारा येथील कोटांची कथाहि लढाई व कारभार यांचीच आहे. परंतु याच जिल्ह्याचें दुसरें अंग रानाचें व तलावांचें आहे. कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव, वैनगंगेचें खोरें, नागझिऱ्याचें व कोक्याचें रान, धानाच्या बांध्यांत उतरणारा सारस, हें सर्व येथील इतिहासाचेंच साहित्य होय. या साहित्याचा संग्रह आज ना उद्यां कोठें तरी होईल, व तो एखाद्या जुन्या वास्तूंत व्हावा अशी इच्छा बोलून दाखविणारेहि पुष्कळ भेटतात. म्हणून जेथें राजवाडा व सृष्टिसंग्रह यांची गांठ पूर्वींच पडलेली आहे, तेथील गुणदोष आधीं पारखून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. मराठ्यांच्या इतिहासांत अशीं दोन ठिकाणें ठळक आहेत. एक कोल्हापूर व दुसरें तंजावर.

३. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या सालांत बांधला गेला. त्याचा नकाशा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअराचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची मूळ आंखणीहि याचीच. तो १८८१ सालीं वारला. दोन्ही इमारती पुऱ्या झालेल्या त्यास पाहावयास मिळाल्या नाहींत. काळ्या घडीव दगडाचें काम, मध्यें घड्याळाचा मनोरा, गुजरात-राजस्थानकडील शिल्पाची छाया व विलायती मांडणी, असा या वास्तूचा संमिश्र घाट आहे. दरबाराच्या दालनांत रंगीत कांचांवर शिवचरित्रांतील प्रसंग काढलेले आहेत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि पुढें १९७४ सालीं या राजवाड्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपति म्युझियम उघडण्यांत आलें. शस्त्रें, पोषाख, हौदे, पत्रें, चित्रें यांच्याबरोबर येथें शिकारींत मारलेल्या जनावरांचा मोठा संग्रह आहे. हत्तीच्या व वाघाच्या अवयवांपासून केलेलीं मेजें व रक्षापात्रें, असलेहि जिन्नस त्यांत आहेत.

४. प्रथम या संग्रहाच्या पदरीं त्याचें श्रेय घालणें न्यायाचें होईल. विलीनीकरणानंतर हिंदुस्थानांतील कित्येक संस्थानांचें सामान लिलांवांत गेलें, कित्येकांचें माळ्यावर कसर लागून संपलें. कोल्हापुरास घराण्याची वस्तु घराण्याच्याच वास्तूंत राहिली व ती लोकांस पाहावयास खुली झाली, ही लहान गोष्ट नव्हे. वस्तु मूळ जागीं असली म्हणजे तिच्या भोंवतालचा अर्थहि बराचसा शाबूत राहतो. दरबाराच्या वाटेवर वाघ उभा असणें हें राजसत्तेच्या भाषेंतील एक वाक्यच आहे. तें वाक्य मुंबईच्या एखाद्या कांचेच्या कपाटांत नेलें असतां त्याचा निम्मा अर्थ हरवेल.

५. येथवर स्तुति झाली. आतां दोष सांगतों. हे दोष एकट्या कोल्हापूरचे नव्हत. राजवाड्यांतील मृगसंग्रह या जातीचे ते सामान्य दोष होत. राजवाड्याच्या दालनांत फिरणारा प्रेक्षक तलवारीकडून वाघाकडे व वाघाकडून पालखीकडे जातो. सर्व वस्तु एकाच धाग्यांत ओंवलेल्या असतात व तो धागा म्हणजे मालक. त्यामुळें जनावराविषयीं प्रेक्षकाच्या मनांत एकच गोष्ट ठसते, ती ही कीं, हें अमक्यांनीं मारलें. जनावर कोणत्या रानांतलें, कोणत्या सालचें, नर कीं मादी, वयानें केवढें, हें फलकावर असलें तर भाग्य. माग काढणारे, हांका घालणारे, मचाण बांधणारे यांचीं नांवें तर फलकावर येण्याची रीतच नाहीं. म्हणजे कागदाच्या भाषेंत सांगावयाचें तर शिक्का तेवढा ठळक आहे. मिती, मुक्काम व लेखक यांच्या जागा कोऱ्या आहेत. असा कागद आम्ही मंडळाच्या बैठकींत पुढें ठेवला असता तर त्यावर काय शेरा पडला असता, हें वाचकांस सांगण्याची जरुरी नाहीं.

६. मुक्कामाची जागा कोरी राहिल्यानें केवढा घोटाळा होतो याचें चांगलें उदाहरण चित्त्याचें आहे. कोल्हापूर दरबारास चित्त्यांकडून काळविटाची शिकार करविण्याचा मोठा शोक होता. हिंदी चित्ता दुर्मिळ होत गेला तेव्हां विसाव्या शतकांत कोल्हापूर, भावनगर इत्यादि संस्थानांनीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले. इकडे हिंदी रानांतील शेवटचे म्हणून गणले जाणारे तीन चित्ते १९४७ सालीं कोरियाच्या महाराजांनीं मारले, व १९५२ सालीं हा प्राणी भारतांतून नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. अर्थात् त्या काळांतील एखाद्या राजवाड्यांत चित्त्याचें कातडें दिसलें तर तें दख्खनच्या माळावरील चित्त्याचें कीं केनियांतून जहाजानें आलेल्या चित्त्याचें, हें नुसत्या ‘चित्ता’ या फलकावरून ठरत नाहीं. पहिलें असेल तर तें या भूमीच्या इतिहासाचें साधन. दुसरें असेल तर दरबारी शोकाच्या व समुद्रावरील व्यापाराच्या इतिहासाचें. दोन्ही मोलाचीं आहेत, पण एकाच्या जागीं दुसरें धरलें तर दोन्ही इतिहास बिघडतात. त्यांत मराठींत ‘चित्ता’ हा शब्द सैलपणानें बिबळ्यासहि लाविला जातो, व आमच्याकडे त्याच बिबळ्यास बिबट म्हणतात. तेव्हां नांवाचा घोळ निराळाच. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडले, तेव्हां हिंदी चित्ता व आफ्रिकी चित्ता यांतील भेद किती, यावर सर्वत्र वाद माजला. अशा वादांत जुन्या कातड्यांची साक्ष फार उपयोगी पडते, कारण आतां कातड्याच्या लहानशा तुकड्यावरूनहि प्राण्याचा वंश ओळखतां येतो. परंतु साक्षीदाराचें गांव ठाऊक नसेल तर साक्ष लटकी पडते.

७. कोणी म्हणेल, फलक कोरा असणें हा दोष खरा, पण त्यानें खोटें तर सांगितलें जात नाहीं. या म्हणण्यास उत्तर म्हणून आम्ही आमच्याच महाराष्ट्रांतील एका पक्ष्याचें प्रकरण देतों. रानपिंगळा नांवाचें एक लहान घुबड आहे. त्याचा पहिला नमुना १८७२ सालीं ब्लूइट या अंमलदारानें आजच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत मिळविला व ह्यूम या पक्षिविदानें पुढील सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या कलेक्टरानें कांहीं नमुने जमविले. पुढें पक्षी दिसेनासा झाला. मात्र एका नमुन्याच्या चिठ्ठीवरून हा पक्षी १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ मिळाल्याचें मानलें जाई. ती चिठ्ठी कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झ्‌हागन या प्रख्यात पक्षिसंग्राहकाची होती. पामेला रासमुसेन या विदुषीनें तो नमुना क्षकिरणांखालीं तपासला, तेव्हां आंतील भरणीची मूळ धाटणी डेव्हिडसनची असल्याचें दिसून आलें. म्हणजे लंडनच्या संग्रहालयांतून डेव्हिडसनचा जुना नमुना चोरून, त्याची भरणी बदलून, वर खोटी चिठ्ठी लाविलेली होती. ही खोटी चिठ्ठी बाजूस सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणें धरून शोध केला, तेव्हां १९९७ सालच्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळच्या रानांत हा पक्षी जिवंत सांपडला. शंभराहून अधिक वर्षें ज्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता, तो चिठ्ठीच्या चिकित्सेनें मिळाला. बनावट सनदेनें एखाद्या वतनाचा निकाल शंभर वर्षें चुकीचा राहावा व अखेर अक्षराच्या वळणावरून ती पकडली जावी, त्यांतलाच हा प्रकार. कोरा फलक निरुपद्रवी नसतो याचें कारणहि येथेंच आहे. कोऱ्या जागेवर पुढें कोणीहि काय वाटेल तें लिहूं शकतो.

८. आतां तंजावरकडे वळूं. तेथील राजवाडा मुळांत नायकांचा. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनीं तंजावरचें राज्य घेतल्यावर तो भोसल्यांकडे आला. या घराण्यांतील दुसरे सरफोजी महाराज (१७७७-१८३२) हे १७९८ सालीं गादीवर बसले व पुढील सालींच राज्याचा कारभार कंपनीकडे जाऊन त्यांच्याकडे किल्ला व राजवाडा एवढाच मुलूख राहिला. सत्ता गेली, वेळ राहिला. तो त्यांनीं विद्येंत घालविला. सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह त्यांनीं वाढविला, देवनागरी छापखाना घातला, धन्वंतरी महालांत रोग्यांची तपासणी करवून डोळ्यांच्या विकारांचीं चित्रांसह टिपणें ठेवविलीं, आणि १८०३ सालीं बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाचें चरित्र मराठींत कोरविलें. १८२६ सालीं बिशप हेबर त्यांस भेटला, तेव्हां लाव्हाझिए, लिनिअस व बुफाँ यांचीं नांवें महाराजांच्या तोंडीं सहज येत असल्याचें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. लिनिअस व बुफाँ हे सृष्टिशास्त्राचे आचार्य. तेव्हां महाराजांचा ओढा कोणीकडे होता हें स्पष्ट आहे.

९. सरफोजी महाराजांच्या या नादाचा आमच्या दृष्टीनें सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्यांनीं तंजावरच्या चिताऱ्यांकडून काढविलेलीं पशुपक्ष्यांचीं चित्रें होत. अशा चित्रांचा एक संग्रह तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याच्या हस्तें विलायतेस गेला व तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. येथें कोल्हापूर व तंजावर यांतील भेद ध्यानांत घ्यावा. शिकारीच्या संग्रहांत जनावराची शेवटची घटका साठविलेली असते; चित्रांच्या संग्रहांत त्याचें रूप साठविलेलें असतें. पहिल्याचा नायक बंदूक धरणारा, दुसऱ्याचा नायक पाहणारा. यावरून आम्ही एका घराण्यास श्रेष्ठ व दुसऱ्यास कनिष्ठ ठरवीत आहों असें कोणीं समजूं नये. सरफोजींच्या काळीं रानें भरलेलीं होतीं व कोल्हापूरचे छत्रपतीहि केवळ शिकारी नव्हते. शाहू महाराजांची कीर्ति त्यांच्या लोकोद्धाराच्या कामावर उभी आहे. आमचा मुद्दा संग्रहाच्या जातीचा आहे. जो संग्रह ‘हें काय आहे’ या प्रश्नानें सुरू होतो, तो पुढील पिढ्यांस उपयोगी पडतो. जो ‘हें कोणाचें आहे’ येथेंच थांबतो, तो मालकाबरोबर मुका होतो.

१०. परंतु तंजावरच्या राजवाड्यासहि आमचा एक शेरा लागू आहे. त्याच्या मनोऱ्यांत एका देवमाशाचा अवाढव्य सांगाडा ठेविलेला आहे. तो मासा १९५५ सालीं तरंगमपाडीच्या किनाऱ्यास लागला होता. सरफोजी महाराज त्यापूर्वीं १२३ वर्षें निवर्तले होते, आणि तंजावरचें संस्थान १८५५ सालींच खालसा झालें होतें. म्हणजे हा मासा व तो राजा यांचा संबंध एका छपरापलीकडे नाहीं. तरी राजवाड्याच्या जिन्यांवरून चढत आलेल्या प्रेक्षकाच्या मनांत दोन्ही गोष्टी एकत्र होणें स्वाभाविक आहे, कारण वास्तूचा प्रताप असा असतो कीं तींत जें ठेवावें त्यास ती आपलें वय देते. दोनशें वर्षांच्या भिंतींत ठेविलेली कालची वस्तुहि जुनी दिसूं लागते. राजवाड्यांत सृष्टिसंग्रह करणारानें या प्रतापास नेहमीं भ्यावें. वास्तूची मिती व वस्तूची मिती या दोन निरनिराळ्या आहेत, हें त्यानें दारावरच मोठ्या अक्षरांनीं लिहावें.

११. मग निर्दोष संग्रह कसा असतो? याचा नमुना शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं निघाली व तिनें १९११ सालीं लोकांकडून वर्गणी जमवून सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. नेमलेले संग्राहक गांवोगांव हिंडले. त्यांनीं जमविलेलीं कातडीं पाहण्यांत कांहीं मौज नाहीं. तीं चपटीं आहेत, डोळ्यांच्या जागीं कापूस आहे, कोणी दांत विचकून उभें नाहीं. परंतु प्रत्येकाच्या पायास एक चिठ्ठी बांधलेली आहे व तिजवर ठिकाण, तारीख, नर-मादी, मापें व संग्राहकाचें नांव आहे. एखाद्या उंदराची ती चिठ्ठी सर्व राजवाड्यांतील वाघांहून अधिक इतिहास सांगते. पुढें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमांत याच सोसायटीच्या साह्यानें सृष्टिविभाग मांडला गेला व प्रेटरसाहेबांच्या देखरेखीखालीं प्राणी त्यांच्या राहत्या रानाच्या देखाव्यासह उभे केले गेले. तेथें वाघ कोणाचा हा प्रश्न प्रेक्षकास सुचत नाहीं. वाघ कोठें राहतो, हा सुचतो. राजवाड्यांनीं मुंबईची नक्कल करावी असें आमचें म्हणणें नाहीं. राजवाड्यानें राजवाडाच राहावें, पण पायाची चिठ्ठी मुंबईची घ्यावी.

१२. यावर दोन पक्षांचे आक्षेप येतील. पहिला पक्ष म्हणेल, शिकार हा त्या काळचा राजधर्म होता. आजच्या दृष्टीनें मृतांस दोष देण्यांत काय पुरुषार्थ? हें म्हणणें आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही निंदा न करितां नोंद मागतों. ज्यांस त्या शिकारीचा अभिमान आहे त्यांनीं तर मिती व मुक्काम अधिक आस्थेनें लिहावा; पराक्रमाची नोंद करण्यास आमचे पूर्वज कधीं लाजले नाहींत. दुसरा पक्ष याच्या उलट टोंकाचा आहे. तो म्हणेल, हीं मढीं आतां कशास पाहिजेत? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली; शिकारीचें वैभव मिरविणें हाच आतां दोष आहे, तेव्हां तीं जाळून टाकावीं. आसामांत २०२१ सालीं सरकारनें गेंड्याचीं २,४७९ शिंगें जाहीरपणें जाळलीं, तें उदाहरणहि पुढें केलें जाईल. परंतु त्या वेळींहि ९४ शिंगें अभ्यासासाठीं व प्रदर्शनासाठीं राखून ठेविलीं होतीं, हें विसरूं नये. चोरट्या व्यापाराचा माल जाळणें व इतिहासाचें साधन जाळणें या दोन गोष्टी एक नव्हत. जुलमी राजाचीं फर्मानें जाळावीं असें कोणी इतिहासभक्त म्हणत नाहीं. उलट जुलूम सिद्ध करण्यास तींच लागतात. रानांतून काय नाहींसें झालें व तें कसें झालें याची साक्ष देणारे हे मुके साक्षीदार आहेत. त्यांस जाळून आपण आपल्याच विरुद्धचा पुरावा नाहींसा करूं.

१३. तेव्हां करावयाचें काय, याविषयीं आमची सूचना साधी आहे. प्रत्येक नमुन्यास सहा कलमांचें टिपण जोडावें : प्राण्याची जात व स्थानिक नांव, ठिकाण, मिती, मारणारा व त्याबरोबर माग काढणारे, जनावर भरणारा कारागीर, आणि हें सर्व ज्यावरून ठरविलें तो पुरावा. शेवटचें कलम मुख्य. कोल्हापूर संस्थानचें दप्तर तेथील पुराभिलेखागारांत आहे. शिकारखान्याचा खर्च, चित्त्यांचें खाणें, हांक्याच्या माणसांची मजुरी, असल्या बाबी दरबारी जमाखर्चांतच शोधावयाच्या असतात. छायाचित्रांच्या पाठीवर तारखा असतात. भरलेल्या जनावरावर कारागिराच्या खुणा असतात. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यानें विसाव्या शतकांत हिंदुस्थानभरच्या संस्थानिकांचे वाघ-बिबळे भरले, आणि तो कारखाना १९९९ सालीं बंद झाला. दप्तर एका हातीं व जनावर दुसऱ्या हातीं घेऊन बसणारा एक अभ्यासू मिळाला तर फलकावरील पुष्कळ कोऱ्या जागा भरून निघतील. ज्या भरणार नाहींत तेथें ‘ठिकाण अज्ञात’ असें स्पष्ट लिहावें. अज्ञात हा शब्द लिहिण्यास संग्रहालयानें लाजूं नये. त्या शब्दानें पुढील माणसास काम मिळतें व लबाडास जागा उरत नाहीं.

१४. अखेर आम्ही पुन्हां आमच्या जिल्ह्याकडे येतों. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला व नवेगांवबांधाचा मोठा तलाव तिकडे गेला; पण रान व पाणी यांस जिल्ह्याची हद्द ठाऊक नाहीं, व २०१३ सालीं झालेल्या नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत आमचें कोक्याचें रानहि आलें. मालगुजारी १९५१ सालीं गेली. जुन्या मालगुजारांच्या व जमीनदारांच्या वाड्यांत भिंतीवर शिंगें व दिवाणखान्यांत कातडीं असण्याची चाल सर्व मध्यप्रांतांत होती. ज्या घरीं असा एखादा नमुना कायदेशीर नोंद होऊन राहिला असेल, तेथील वृद्ध मंडळी आहेत तोंवरच त्याचें ठिकाण व साल कळण्याचा संभव आहे. वृद्ध गेले कीं शिंगें उरतील व इतिहास जाईल. पेंढा पुन्हां भरतां येतो, आठवण पुन्हां भरतां येत नाहीं. मारुती चितमपल्ली यांनीं नवेगांवबांधास वनाधिकारी असतां कोहळी, ढीवर व गोंड लोकांच्या तोंडचीं पक्ष्यांचीं व माशांचीं नांवें टिपून घेतलीं आणि पुढें मराठी कोशांत घातलीं. तो खरा सृष्टिसंग्रह. त्यास राजवाडा लागला नाहीं. सारस हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यत्वें गोंदिया-भंडारा भागांत थोडका उरला आहे. तो येथें केव्हां किती होता, कोणत्या तलावावर घरटें करी, हें सांगणारे शेतकरी अद्यापि आहेत. त्यांचीं निवेदनें नांव, गांव व तारीख घालून लिहून घेणें हें मंडळाच्या सभासदांस एका हंगामांत होण्याजोगें काम आहे.

१५. या प्रसंगीं एका वाघाची गोष्ट आठवते. नागझिऱ्यांत जन्मलेला ‘जय’ नांवाचा वाघ २०१३ सालीं तेथून निघाला व नदीनाले, शेतें व रस्ते ओलांडून पवनीकडील उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत जाऊन राहिला. त्याच्या गळ्यांत बिनतारी पट्टा घातलेला होता. त्याच्या फिरण्याचीं ठिकाणें व तारखा लिहिल्या जात होत्या. त्यास पाहण्यास दूरदूरचे लोक येत. २०१६ सालीं तो एकाएकीं दिसेनासा झाला व पुढें त्याचें नखहि कोणाच्या हातीं लागलें नाहीं. राजवाड्यांतील वाघाचें कातडें आहे पण हकीकत नाहीं. जयची हकीकत आहे पण कातडें नाहीं. संग्रह म्हणून दोन्ही अपुरे आहेत, परंतु इतिहास लिहावयास बसलेल्या माणसास या दोहोंपैकीं एकच निवडावयाचें झालें तर तो कोणतें निवडील, याविषयीं आम्हांस संदेह नाहीं.

१६. वास्तु भव्य असो वा साधी, तींत भरावयाचें काय याचा निर्णय आधीं व्हावा. उद्यां आमच्या जिल्ह्यांत एखाद्या जुन्या वाड्यांत वा कोटांत असा संग्रह उभा राहिला, तर त्याच्या पहिल्या दालनांत वाघ नसला तरी चालेल, पण नोंदवही अवश्य असावी. कोल्हापूर व तंजावर या दोन्ही ठिकाणांनीं आम्हांस पुष्कळ राखून दिलें आहे. त्यांनीं जें लिहून ठेवावयाचें राहिलें तें आम्हीं लिहावें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वा माहितींत असे जुने नमुने, शिकारीच्या वह्या, छायाचित्रें अथवा पत्रें असतील, त्यांनीं त्यांचें टिपण करून पाठविल्यास तें पुढील अंकांत छापण्यास आम्हांस आनंद वाटेल. मात्र प्रत्येक टिपणाखालीं ठिकाण व मिती असावी, एवढी एकच अट आहे.